जमिनीत हरवलेला व्हॉल्व्ह

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाखोलीत त्यांना सगळे शाईबाई म्हणत. उभी हयात ट्रेसिंगच्या कागदावर काळ्या शाईने पाइपलाइनी काढण्यात गेली, आणि पन्नाशीला टेबलावर संगणक आला. "या वयात हे काय गळ्यात मारलं!" म्हणून त्या चार दिवस कुरकुरल्या, मग हट्टाने शिकल्या. दोन वर्षांत त्यांनी दोनशे जुने नकाशे स्कॅन केले. तरी तरुण इंजिनिअरांच्या लेखी त्या शाईबाईच.

एके दिवशी मोठी पाइपलाइन फुटली. तेवढाच फाटा बंद करायला जमिनीत गाडला गेलेला एक जुना व्हॉल्व्ह हवा होता. तो मिळेपर्यंत अख्ख्या भागाचं पाणी बंद. तिथेच राहणाऱ्या शाईबाईंच्या नणंदेचा फोन आला, "वहिनी, नकाशे तुझ्याकडे आणि रिकाम्या बादल्या आमच्याकडे, हा कुठला न्याय गं?"

साहेबांनी संगणकावरच्या नकाशाप्रमाणे दोनदा खणून घेतलं. हाती आली माती.

"जुना नकाशाच चुकीचा आहे," साहेब वैतागले.

शाईबाईंना ते झोंबलं. तो नकाशा त्यांना काम शिकवणाऱ्या हेडड्राफ्ट्समनचा होता. त्या माणसाची रेघ केसभरही हलत नसे. त्यांनी कपाटातून मूळ कागद काढला, कोपऱ्यातली बारीक अक्षरं भिंगाखाली वाचली, मग संगणकावरची त्याची फाइल उघडून पाहिली. आणि कपाळावर हात मारला.

"साहेब, पृथ्वी गोल, कागद सपाट. गोलाचं सपाट करायची जुन्यांची रीत वेगळी, आपली वेगळी. हा नकाशा जुन्या रीतीचा. कुणीतरी फाइलवर नव्या रीतीचं नाव टाकलं आणि रूपांतर केलंच नाही. पाटी बदलली म्हणून घर हलतं का?"

"मग रस्ते जुळत नाहीत हे कुणाला दिसलं कसं नाही?"

"हा नकाशा काढला तेव्हा तिथे रस्ते होतेच कुठे? मोकळं रान होतं!"

त्यांनी आधी फाइलला तिची खरी जुनी रीत सांगितली, मग नव्या रीतीत रूपांतराचा हुकूम दिला. संगणकाने ठिपका न् ठिपका नव्याने मांडला. चित्र किंचित तिरकं झालं आणि एकशे बारा मीटर पूर्वेला सरकलं. नकाशातली गोल टाकी उपग्रहाच्या फोटोतल्या टाकीवर झाकणासारखी बसली.

साहेब खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "चला. तुम्हीपण."

नव्या जागी कमरेइतकं खणल्यावर पहार खणकन वाजली. लोखंडी झाकण! दोघा मजुरांनी लोंबकळून व्हॉल्व्हची लांब चावी फिरवली. पलीकडे उसळणारा लोंढा बारीक झाला, थांबला. मुकादम ओरडला, "शाईबाईंनी मैदान मारलं!" चिखलात उभ्या बाईंचे डोळे भरून आले. "आमचे हेड चुकले नव्हते," एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी हुकूम निघाला: शाईबाईंच्या सहीशिवाय एकही जुना नकाशा खोदकामाला जाणार नाही. दुपारी चार इंजिनिअर त्यांच्या टेबलाभोवती बसले होते. साहेब स्वतःची खुर्ची ओढत आले आणि वही उघडून म्हणाले, "बाई, जरा सावकाश सांगा. लिहून घेतो."