भीतीचं तोंडीलावणं

बागेतल्या बाकावर एक तरुण आई लेकाला वरणभात भरवत होती. "खा, नाहीतर ती बाई पोत्यात घालून नेईल!" तिने जिच्याकडे बोट दाखवलं, ती सुया-मणी विकणारी भटकी बाई समोरच तोंड फिरवणाऱ्या आपल्या पोराला भाकरी भरवत होती.

माझं डोकंच सणकलं. तरुणपणीच्या आमच्या बाईसाहेब, म्हणजे मीच, हेच तोंडीलावणं वाढायच्या आणि वर स्वतःला हुशार समजायच्या. असल्या घासांवर पोसलेली पोरंच पुढे अफवा उठली की या लोकांवर दगड उचलतात.

मी ओरडलेच, "अगं, तिचंही पोर जेवत नाहीये. त्याला कुणाची भीती घालायची? तुझी?"

"आमच्या पोरांना भीती घालावी लागत नाही, आजी, ती असतेच," ती बाई म्हणाली, आणि उरलेली भाकरी फडक्यात बांधून, पोराला कडेवर घेऊन निघाली.