बुधवारी भाऊ नसतात

भाऊंच्या निरोप समारंभात मी भाषणाला उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात माती खाल्ली. "आज आपले भाऊ आपल्यात नाहीत," असं मी माईकवरून खणखणीत आवाजात बोलून गेलो. भाऊ माझ्या शेजारीच बसले होते. गळ्यात हार, मांडीवर शाल, शालीवर नारळ. मला म्हणायचं होतं, 'उद्यापासून आपल्यात नसतील'. पण पाठ केलेल्या भाषणाचं माझ्या तोंडात नेहमी असंच काहीतरी होतं. हॉलमध्ये अशी शांतता पसरली की वेफर्स खाणारे चावायचे थांबले.

भाऊंनी खालूनच माझ्या सदऱ्याची बाही ओढली. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि माईकने तेही सगळ्यांना ऐकवलं. "समजा, मी नाही. हां, आता पुढे बोल."

जो हशा उठला, त्यात माझी अब्रू वाचली. घरी आल्यावर बायको म्हणाली, "दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळायला नाही लावलीत, एवढं नशीब."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं एक वाक्य त्याच्याआधी खोलीत शिरतं. भाऊंचं वाक्य हे. रत्नागिरीच्या बाहेर आमचा आंब्याच्या कॅनिंगचा कारखाना आहे. भाऊ तिथले मॅनेजर, मी त्यांचा असिस्टंट. कुणीही काही विचारायला केबिनमध्ये शिरलं की भाऊ चष्मा कपाळावर ढकलायचे. "समजा, मी नाही. मग काय करशील?" समोरचा चाचरत काहीतरी सांगायचा. "मग कर की तेच! माझ्याकडे काय चहा प्यायला आलास?" असं म्हणून ते खरंच चहा मागवायचे.

मी सुरुवातीला याला आळस समजत होतो. खुर्ची ह्यांची आणि डोकं आमचं, असं मी घरी बोलूनही दाखवलं. "कुठेतरी वापरात आहे म्हणजे तुमचं," बायको म्हणाली. "मला वाटलं, तसंच कोरं ठेवलंय."

भाऊंची दुसरी खोड बातम्यांची. त्यांच्या टेबलावर नेहमी कालचा पेपर. आजचा पेपर घडी न मोडता कपाटावर जायचा, उद्या वाचायला. कारणही कॅनिंगच्या माणसाला शोभेलसं. "आंबा काढल्या काढल्या खातोस का? नाही ना? अढीत घालतोस. पेंढ्यात गप पडू देतोस. मग बातमीलाही निदान एक रात्र दे की. सकाळपर्यंत निम्म्या बातम्या आपोआप नासतात. उरलेल्या खाव्यात."

मी मोबाइलवरची बातमी झाडावरच खाणाऱ्यांपैकी. एका दुपारी भाऊ जेवायला घरी गेले होते आणि माझ्या फोनवर वादळाचा व्हिडिओ आला. माड जमिनीला टेकतायत, पत्रे उडतायत, आणि खाली लिहिलेलं, 'आज संध्याकाळी रत्नागिरी'. मी पुढारपण केलं. भोंगा वाजवला, आंबे कापणाऱ्या बायकांना घरी सोडलं, दारं-खिडक्या बंद करून घेतल्या. भाऊ परतले तेव्हा कारखान्यात मी होतो आणि गेटवरचा कुत्रा होता.

त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. "ही मागची दुकानाची पाटी वाच बघू."

मला वाचता येईना.

"येणार कशी? ही लिपी आपल्या देशातली तरी आहे का?"

"पण भाऊ, वादळाला एक रात्र कशी द्यायची?" मी म्हटलं. मुद्दा बिनतोड होता असं मला अजूनही वाटतं.

"त्याला नाही द्यायची. त्याच्याबाबत लगेच विचारायचं. पण कुणाला, ते कळायला हवं." त्यांनी हवामान खात्याचा अंदाज उघडून पाहिला. त्यात काही नव्हतं. मग मिरकरवाड्यातल्या एका ट्रॉलरवाल्याला फोन लावला. वादळाचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "बोटी आत की बाहेर?"

"बाहेर," पलीकडून आवाज आला. "का वो? म्हावरं हवंय काय?"

फोन ठेवून भाऊ म्हणाले, "ज्याचं नुकसान होणार, त्याला विचारायचं. आणि त्याला काय वाटतं ते विचारायचं नाही. त्याच्या समोर काय दिसतंय, ते विचारायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता ऊठ. बायका घरी पोचल्यात. कापायला आपण दोघंच."

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली, तेव्हा भाऊंनी बुधवार काढला. "माणसं फंडाचं बघतात, विम्याचं बघतात, मुलाकडे राहायचं की नाही ते बघतात. पण सकाळी जेवणाचा डबा हातात न घेता घरात उभं कसं राहायचं, ते कुणी बघत नाही. नाटकाची तालीम करतात, निवृत्तीची नको?" साठलेल्या रजेतून त्यांनी दर बुधवार मागून घेतला. बुधवारी भाऊ नाहीत, म्हणजे नाहीतच.

पहिल्या बुधवारी त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. मोहरी सापडेपर्यंत तेल जळलं. दहाच्या आत वहिनींचा, म्हणजे भाऊंच्या बायकोचा, मला फोन. "घेऊन जा रे ह्यांना. कारखान्यात काही बिघडलंय म्हणून सांग." पुढच्या बुधवारी त्यांनी मोलकरणीला 'समजा, मी नाही' करून दाखवलं. ती पुढच्या दिवशी आलीच नाही.

पण हळूहळू तालीम जमत गेली. बंदरावरून मासे आणून स्वतः साफ करू लागले. एस्टीने दापोलीला जाऊन कलमं बांधायचं शिकून आले. "जन्मभर दुसऱ्यांचे आंबे डब्यात भरले. एक झाड तरी माझ्या हातचं असू दे." फोन मात्र बुधवारी वहिनींच्या ताब्यात.

"भाऊ आहेत का?"

"नाहीत."

"कुठे गेलेत?"

"इथेच बसलेत समोर. पण आज नाहीत."

सगळ्या बागायतदारांना हे पाठ झालं होतं.

आणि मग तो बुधवार आला. मे महिना, कारखान्याच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत टेम्पोंची रांग, आणि आमचा बॉयलर बंद पडला. कॅनिंगला येतो तो आंबा पूर्ण पिकलेला. त्याला उद्या नसतो. मालक मुंबईला. भाऊंनंतर मॅनेजर कोण, हे अजून ठरायचं होतं. मला वाटत होतं, मी. बाकी कुणाला तसं वाटत असल्याची खूण नव्हती. संध्याकाळपर्यंत हा माल नासला, तर तशी खूण पुढेही दिसणार नव्हती. आणि माझं सोडा, बाहेर टेम्पोजवळ एक म्हातारे बागायतदार उभे होते. मुलगे मुंबईला, बागेचं हे एकटे बघतात. ते पुन्हा पुन्हा सांगत होते, "सायेब, माल उतरवून घ्या वो. नायतर टेम्पोतच रस व्हायचा. शेवटची तोड हाय ही."

मी फोन लावला. "वहिनी, बॉयलर गेलाय! भाऊंना द्या!"

"ते नाहीत," वहिनी म्हणाल्या. मागून पुटपुटणं ऐकू आलं. "नाहीत, पण विचारतायत, तू काय करशील."

मला त्या क्षणी भाऊंचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. फोन आपटला. माझाच होता, म्हणून हळू आपटला.

बॉयलरचा मेकॅनिक कोल्हापूरहून निघाला होता. सगळे सांगत होते, "घाटात आलाय, तासाभरात पोचेल." मीही थांबणारच होतो. पण त्याला फोन केल्यावर 'कुठपर्यंत आलात' विचारायच्या ऐवजी माझ्या तोंडून निघालं, "समोर काय दिसतंय तुमच्या?"

तो बेसावध होता. "समोर? रंकाळा."

रंकाळा तळं कोल्हापुरातच आहे. म्हणजे गृहस्थ अजून घरून हललेलेच नव्हते.

आता उपाय एकच होता, आणि तो रस्त्यापलीकडे होता. समोर दुसरा कॅनिंगचा कारखाना आहे. त्यांनी एके काळी आमच्या डब्याचा रंग उचलला, म्हणून भाऊ त्यांच्या मॅनेजरशी कित्येक वर्षं बोलत नव्हते. बातम्या अढीत घालायला शिकवणाऱ्या भाऊंच्या मनात स्वतःची म्हणून ही एकच अढी होती. तीही पक्की. त्या फाटकाकडे ते बघतसुद्धा नसत.

मी रस्ता ओलांडला.

"आमचा माल आज तुम्ही घ्याल का?" मी त्या मॅनेजरना विचारलं.

त्यांनी माझ्याकडे, मग माझ्यामागे पाहिलं. "भाऊंना माहीत आहे?"

"भाऊ नाहीत."

ते ताडकन उठले. "अरे! कधी?"

"तसं नाही हो! आज बुधवार आहे."

"असं, असं," म्हणत ते पुन्हा बसले, आणि हसले. "बुधवारी काय, होतं माणसाला धाडस. आणा गाड्या."

दुपारभर आमच्या दारातले टेम्पो एकेक करून त्यांच्या दारात शिरले. ते म्हातारे बागायतदार मोकळा टेम्पो घेऊन निघाले, तेव्हा माझ्या हातावर त्यांनी एक आंबा ठेवला. मी तो खाऊ शकलो नाही. उद्या भाऊंना काय सांगायचं, याच विचारात होतो.

गुरुवारी भाऊ आले. चष्मा कपाळावर. त्यांना सगळं कळलेलं होतं.

"मी असतो, तर हे झालं नसतं," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"माल नासू दिला असता, पण त्याच्या दारात गेलो नसतो. म्हातारा रडत परत गेला असता." मग त्यांनी खिडकीतून रस्त्यापलीकडच्या फाटकाकडे पाहिलं. "म्हणजे मी नव्हतो, ते बरंच झालं की रे. ही अढी फार दिवस राहिली माझ्याकडून. एवढे दिवस काहीही झाकून ठेवलं की कुजतं."

आणि ते उठून, पायात चपला सरकवून, रस्ता ओलांडून गेले. परतले तेव्हा हातात त्या कारखान्याचा डबा होता. "रंग अजून आपलाच आहे चोराचा," ते म्हणाले. "पण माणूस बरा आहे."

ते निवृत्त झाल्यावर खुर्ची मला मिळाली. पुढची वर्षं भाऊंनी अशी आरामात घालवली की आम्हाला हेवा वाटावा. आठवड्याचे सातही दिवस बुधवार. गेल्या पावसाळ्यानंतर एका पहाटे ते झोपेतच गेले. शोकसभेत मी बोललो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

माझी निवृत्ती आता नजरेच्या टप्प्यात आली आहे. तेव्हा मागच्या महिन्यात मी जाहीर केलं, "पुढच्या आठवड्यापासून बुधवारी मी नाही. भाऊंसारखी तालीम."

"करा," बायको म्हणाली. "डब्यांना हात लावायचा नाही, एवढंच."

त्याच रविवारी आम्ही दोघं वहिनींना भेटायला गेलो. ओट्यावर बसून चहा घेताना त्या बॉयलरच्या बुधवाराचं निघालं. मी म्हटलं, "त्या दिवशी काय राग आला होता मला! इथे निवांत मासे साफ करत बसले असतील म्हटलं."

"निवांत?" वहिनी म्हणाल्या. "तुझा फोन आला नि ह्यांनी कपडे केले. स्कूटरची चावी घेतली. आणि इथे, तू बसलायस ना, इथेच बसून राहिले संध्याकाळपर्यंत. जेवले नाहीत. मी म्हटलं, जा की एकदाचे! तर म्हणाले, आज गेलो तर तो जन्मभर माझ्या मागेच उभा राहील. रात्री मूठ उघडली, तर चावीचा वळ उठलेला तळहातावर."

तेवढ्यात आत भाऊंचा फोन वाजला. वहिनींनी तो अजून चालू ठेवला आहे. त्या बाहेर घेऊन आल्या. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, आम्हालाही ऐकू येत होतं. लांब मंडणगडकडचा कुणी बागायतदार, त्याला कळलं नसावं.

"भाऊ आहेत का?"

"नाहीत," वहिनी म्हणाल्या. अगदी त्याच जुन्या आवाजात.

"आज तर बुधवार नाय!"

"नाही खरं," त्या म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात दिला. पुढचं मी त्याला सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. मग वहिनी माझ्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "मला सवय आहे गं 'नाहीत' म्हणायची. त्यांनीच लावून ठेवली."

परतताना स्कूटरवर बायको गप्प होती. एवढा वेळ ती गप्प राहिली, की माझ्या हातून काहीतरी झालेलं असतं. मी मनातल्या मनात शोधायला लागलो. घराच्या वळणावर आलो तेव्हा तिने मागून माझा खांदा धरला.

"अहो, तुमचं ते बुधवारचं राहू द्या."

"का गं? डब्यांना नाही हात लावणार."

"डब्यांचं नाही," ती म्हणाली. "मला नाही लावून घ्यायची सवय. आणि मागे काय बघताय? पुढे बघा. गाय आहे."