चेन पाडणारा मित्र

हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही. वैरागच्या एसटीत शेजारच्या बाई माझीच कादंबरी वाचत होत्या आणि लेखक मीच, हे मी लपवलं. बोटांना शेंगाचटणी लागलेली, म्हणून त्या करंगळीनं पान उलटायच्या.

"कशी आहे?" मी विचारलं.

"सातवीतलं प्रेम हाय. पोरगं लई भित्रं. त्याला पोरगी दिसावी म्हणून दोस्त रोज तिच्या दारात मुद्दाम सायकलची चेन पाडतो, हात काळे करतो. पुढं त्या दोस्ताचं काय झालं, लिवलंच न्हाय की."

"विसरला असेल लेखक."

"व्हय. पोरगी बरी ध्यानात राहिली."

तो मित्र वैरागलाच असतो. त्या दिवशीही मी त्याच्या गल्लीवरून पुढे गेलो. त्याला भेटायला जाणं अजून बाकी आहे.