बंद घराचा धूर

हयातसिंगवर विश्वास टाकायला मला एकतीस वर्षं लागली. तो आठ दिवसांत उडाला.

मुनस्यारी या आमच्या डोंगरातल्या बाजारगावात खेचरं हाकणारे पुष्कळ आहेत, पण वरच्या गावी जायचं म्हटलं की लोक हयातसिंगचंच दार ठोठावतात. उंच, वाळलेला, डाव्या पायाने जरा लंगडणारा. त्याच्या पहिल्याच खेचराने त्या पायावर लाथ घातली, आणि तरी ते मरेपर्यंत त्याने विकलं नाही. बायको भावाकडे हल्द्वानीला म्हणून गेली ती परतली नाही. खाली तबेला, वर भाड्याची खोली, एवढाच त्याचा संसार. आम्हा लोकांचं मीठ, सातू, घोंगड्या, एकदा तर शिवणयंत्रसुद्धा त्याने वर पोचवलं. त्याचं स्वतःचं मात्र तिथे घर नाही. तो खालच्या दरीतला. वर घर त्याचंच, ज्याचे आजे-पणजे तिथे राहिले.

आमचं ते गाव इथून तीन दिवसांच्या चढावर आहे. थंडीत तिथे चिटपाखरू नसतं. उन्हाळ्यात म्हातारीकोतारी माणसं चढतात आणि भाद्रपदात नंदाष्टमीला प्रत्येक घरातून धूर निघावा लागतो. चूल घरच्याच माणसाने पेटवायची. सलग तीन अष्टम्या धूर निघाला नाही की ते घर विझलं असं धरायचं. मग त्याच्या तुळया, दारं, छताचे दगड, ज्याला हवं ते त्याने न्यावं. माझे यजमान मास्तर होते. ते दरवर्षी जायचे. ते वारले त्या वर्षी सुतक, मला सण करायचा नव्हता. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी मला अंथरुणाला खिळवलं. यंदाची ही तिसरी अष्टमी. मी गेले नाही, तर मास्तरांचं घर लोकांच्या गोठ्यांना लागणार.

म्हणून जूनमध्येच हयातसिंगला बोलावून घेतलं. सामानाची यादी समोर ठेवली: सातू, चहाचं लोणी, ताडपत्री, गुडघ्यांचं तेल, माझ्यासाठी शांत खेचर.

त्याने यादीकडे बघितलंसुद्धा नाही. "काकी, यंदा नको."

"का?"

"वाटेतला बुगडियारचा पूल वाहून गेलाय."

मी तारखेसह लिहून ठेवलं. शाळेत नन्सनी लावलेली सवय आहे, सुटत नाही. त्याच दिवशी दुपारी एक मेंढपाळ दीडशे मेंढ्या घेऊन वर गेला. मेंढ्या काही उडत नाहीत.

तीन दिवसांनी विचारलं, तर पूल होता, पण खेचर आजारी होतं. तेच खेचर मी सकाळी बाजारात सिमेंटची पोती वाहताना पाहिलं होतं. आणखी चार दिवसांनी म्हणाला, "काकी, तुमच्या वयाला वर जायचा परवाना देत नाहीत."

"कोण देत नाही?"

"ते... साहेब."

"नाव सांग साहेबांचं."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "खेचरांना दाणा द्यायचाय."

त्याच आठवड्यात जसुली चहाला आली. ही माझी चुलत नणंद, गालिचे विणते आणि दर अष्टमीला वर जाते. मिठाच्या चहात लोणी विरघळवत म्हणाली, "बौजी, एवढी हाडं मोडून जाता कशाला? तुमच्या घरातून धूर तर निघतोच."

मी पेला खाली ठेवला. "कधी?"

"दोन्ही वर्षं. मला वाटलं, तुम्हीच कुणाला पाठवलंत."

"कुणाला पाठवणार मी? कोण होतं आत?"

"मला काय विचारता? मी देवीच्या पूजेला जाते, लोकांच्या चुली मोजायला नाही," ती म्हणाली. मोजल्या होत्याच तिने.

तिथून माझं डोकं भरकटायला लागलं. हयातसिंग माझ्या घरात शहरातल्या गिर्यारोहकांना उतरवतोय. नाहीतर कीडाजडीच्या थैल्या लपवतोय. डोंगरातली ती बुरशी चोरून खाली नेणारे इथे थोडे नाहीत. म्हणूनच मी वर जायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला ओट्यावर बसवलं आणि सरळ विचारलं, "माझ्या घरात काय लपवलंयस?"

"काही नाही, काकी."

"मग धूर कसला निघतो?"

त्याने बुटाचा चिखल ओट्याच्या कडेला पुसला. "चुलीचा," म्हणाला. "मीच पेटवतो."

"तू? तुला पेटवू दिली गावाने?"

"पंच इंदरसिंगांनी विचारलं, तू कोण पेटवणारा. मी सांगितलं, काकीने मला दत्तक घेतलंय."

मला हसू आलं आणि रागही. पन्नाशीचा दत्तक मुलगा, आणि आईलाच पत्ता नाही.

"तुम्ही वर आलात तर पंच तुम्हाला विचारणार," तो म्हणाला. "तुम्ही खोटं बोलत नाही, सगळ्या बाजाराला माहीत आहे. मग दोन्ही वर्षांचा धूर बाद. यंदाही मीच पेटवली असती, घर वाचलं असतं."

"घर कुणासाठी वाचवत होतास? माझ्यासाठी?"

"पहिल्या वर्षी मास्तरांसाठी."

"आणि दुसऱ्या?"

त्याने बोटाने ओट्यावरची धूळ बाजूला सारली. मग मान वर न करता म्हणाला, "मला हवंय ते घर. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात ओझी उतरवली, काकी. चूल पेटवली त्या रात्री मी तिथे आत झोपलो."

माझा संशय अगदीच खोटा नव्हता, फक्त चुकीच्या वस्तूवर होता. मी त्याला यादी पुन्हा दिली. या वेळी त्याने ती वाचली आणि तिच्या तळाशी पायमोजे लिहिले.

अष्टमीच्या आदल्या दिवशी आम्ही वर पोचलो. इंदरसिंग अंगणातच भेटले. "भाभी, हा हयात म्हणतो तुमचा मुलगा. खरं?"

हयातसिंग खेचराचा पट्टा सोडायला लागला. पट्टा आधीच सुटलेला होता.

"दोन वर्षं नव्हता," मी म्हटलं. "आजपासून आहे. चार माणसं बोलवा, त्यांच्यासमोर सांगते."

इंदरसिंगांनी दाढी खाजवली. "म्हणजे मागचे दोन्ही धूर खोटे."

"खोटे. पण उद्याचा खरा. तिसरं वर्ष अजून गेलेलं नाही."

त्यांनी बोटांवर दोनदा हिशेब केला. तेवढ्या वेळात हयातसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. "बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. "उद्या पेटली तर घर उभं."

सकाळी चूल पेटवली ती हयातसिंगने. मी शेजारी बसून होते. लाकूड ओलं होतं, दोघांचेही डोळे चुरचुरले. बाहेरून जसुलीचा आवाज आला, "निघाला गं बाई, निघाला."

उतरताना मी त्याला सांगितलं की घर त्याचं, पण माझ्यानंतर. मी आहे तोवर माणूस उतरवायचा, थैली ठेवायची, तर मला विचारून. तो "बरं, काकी" म्हणाला. तो ते म्हणत असताना मी त्याचा चेहरा नीट पाहून घेतला.