प्रवाहाबरोबर आलेलं कासव

पाण्याच्या बाबतीत मी देवालाही विचारत नव्हते. माझं माहेर तापीकाठचं. सातव्या वर्षी आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाने, मला मळ्यातल्या विहिरीत ढकललं आणि वरून ओरडले, "आंग सोडी दे, पोरी. धराले पानी शे!" अंग सोड, धरायला पाणी आहे. तेव्हापासून पाणी माझं. एरंडोलला सासरी आले, शाळेत नोकरी केली, निवृत्त झाले, तरी उन्हाळ्यात विहिरीत उतरणं सोडलं नाही. सोमवारी गल्लीतल्या महादेवाला जायचे, पण तिथेही कधी काही मागितलं नाही. आपलं आपल्याला जमत असताना त्याला कशाला त्रास, असा माझा खाक्या. खरं सांगायचं तर, तो ऐकतो की नाही याचीही मला खात्री नव्हती.

माझी मुलगी आणि जावई अंदमानात शिडाच्या बोटीवर राहतात. ती कासवांची मोजणी करते, तो बोट सांभाळतो. दोन खाटा, एक शेगडी, तेवढाच त्यांचा संसार. गेल्या हिवाळ्यात मी महिनाभर राहायला गेले, ते निम्मं तिला असल्या संसारावरून चार शब्द सुनावायलाच. पण तिसऱ्या दिवशी तिने मला डोळ्यांवर चष्मा, तोंडात नळी आणि पायांत रबरी पंख लावून समुद्रात उतरवलं आणि माझी तक्रारच संपली. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात त्याची कुरकुर पाण्याखाली चक्क ऐकू येते! कुणी ज्वारीची लाही खातंय असं वाटतं. मी रोज दोनदा उतरू लागले.

बोटीचा एकच नियम होता: एकटीने उतरायचं नाही. त्या दिवशी सकाळी जावई गोडं पाणी आणायला कोळ्यांच्या होडीतून बेटावर गेला होता आणि लेक बोटीच्या खालच्या खोलीत टिपणं लिहीत बसली होती. "जाते गं," मी म्हटलं. "आई, दहा मिनिटं थांब," खालून आवाज आला. मला कुठला धीर! तापीवर आम्ही पाण्याची ओढ बघायला पान टाकायचो. इथे मी केळ्याची साल टाकली. ती बोटीच्या मागच्या अंगाला वाहत गेली. झालं तर मग, आपण पुढच्या अंगाला, ओढीविरुद्ध पोहत जायचं, मासे बघायचे आणि येताना पाणीच आपल्याला बोटीवर आणून सोडेल. नदीवरच्या माणसाचं हे साधं गणित. पण नदी उलटी वाहत नाही. समुद्र वाहतो.

किती वेळ खाली बघत होते कोण जाणे. मान वर केली तेव्हा बोट मुठीएवढी दिसत होती. भरती-ओहोटी पालटली होती आणि पाणी मला बोटीपासून दूर, उघड्या समुद्राकडे नेत होतं. मी हात मारले, अगदी जीव खाऊन मारले. बोट जवळ येईना. मग उजव्या पोटरीत गोळा आला, नळीत खारं पाणी शिरलं, हाका मारल्या त्या मलाच ऐकू येईनात. मी घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा पाण्याला घाबरले. आणि पहिल्यांदाच म्हटलं, "महादेवा, मला जमत नाहीये."

हाताच्या अंतरावर पाणी फुटलं आणि फुस्स करून एक श्वास ऐकू आला. कासव होतं. परातीएवढी पाठ, म्हाताऱ्या माणसासारखे ओले डोळे. ते काही करत नव्हतं. वल्ह्यासारखे पाय सैल सोडून प्रवाहाबरोबर नुसतं चाललं होतं. मला नाना आठवले. मी हात मारणं थांबवलं, नळीतलं पाणी फुंकून काढलं आणि अंग सोडून दिलं. पाण्याने धरलं. पोटरी हळूहळू सुटली. आम्ही दोघं वाहत राहिलो, ना ते मला काही विचारत होतं, ना मी त्याला. इतकं शांत मला देवळातही कधी वाटलं नव्हतं.

रबरी होडीचा आवाज आला तेव्हा कासव खाली गेलं. लेकीने मला काखेत धरून ओढून घेतलं, आधी रडली, मग चांगलीच रागावली. "तू शिडीपाशीच असशील असं वाटलं मला. मोजणीची वेळ झाली म्हणून दुर्बीण लावली, लांबवर कासवाचं डोकं दिसलं आणि त्याच्या शेजारी तुझी नारिंगी नळी! आई, ते कासव नसतं तर मी त्या बाजूला बघितलंच नसतं."

याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही आणि मी कुणाशी वादही घालत नाही. कासवं श्वास घ्यायला वर येतातच, लेक ती मोजतेच. पण मी जमत नाही म्हटलं आणि ते आलं, एवढं माझ्यापुरतं खरं आहे.

आमच्या महादेवाच्या गाभाऱ्यापुढे दगडी कासव आहे. चाळीस वर्षं मी त्याला घाईघाईत हात लावून आत गेले. आता सोमवारी त्याच्याशेजारी बसते. पुजारी काळजीने विचारतात, "अक्का, तब्येत ठीक शे ना?"

"ठीक शे, भाऊ," मी म्हणते. "लेकीने दहा मिनिटं थांब सांगितलं होतं. तीच आता इथे बसून फेडतेय."