गंजाचा रंग सांग, मास्तर

रविवारी सकाळी मी लोणावळ्याहून निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात कान्ह्याहून सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, निघालात का?" निघालोच, म्हटलं. त्या म्हणाल्या, "या. पण ते गेले वो." त्यांचा नवरा रोहिदास पहाटे झोपेतच गेला होता. मी खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नाही, तसाच निघालो. तिथं पोचल्यावर लक्षात आलं, आत रंगाचे ब्रश होते. मयताला ब्रश घेऊन जाणारा गाढव मीच असेन.

रोहिदास आणि मी कामशेतच्या शाळेत एका बाकावर. त्याला रेल्वेत गार्ड व्हायचं होतं. मालगाडीच्या शेवटच्या डब्याला हात केल्याशिवाय हा जेवायला बसत नसे. लेखी परीक्षा पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत बसला घरी. त्याला तांबडा आणि हिरवा सारखाच दिसायचा. मग तळेगावच्या कारखान्यात उभा जन्म काढला आणि रिटायर झाल्यावर छोट्या मालगाड्या बांधायला लागला. त्यांना खेळणी म्हटलेलं त्याला खपत नसे. "खेळनं न्हाई मास्तर, मॉडेल हाय!"

मास्तर म्हणजे मी, चित्रकलेचा. पार्सलने प्लॅस्टिकचे सुटे भाग यायचे, ते चिमट्याने चिकटवून तो हाताएवढी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, उभी करायचा. पण नवीकोरी वाघीण त्याला बघवायची नाही. "कोळसा वाहिल्यासारखी दिसाया पायजे," म्हणायचा. मग ती मळवायची. रंगीत खडू किसून त्यांची पूड एकेका डबीत भरायची आणि कोरड्या ब्रशने कडांना गंज, तळाला चिखल चोळायचा. रंग मी सांगायचो, डबीवर नाव तो लिहायचा. "जरा कमी लाव," असं मी म्हटलं की उसळायचा, "गंज कदी इचारून लागतो का रं?" दर रविवारी आमची ही भांडणं, आणि वहिनींचा चहा.

तीन वर्षांपूर्वी गंजाचा खडू संपला, म्हणून आम्ही नवा किसला. माझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता, सगळं पिवळट मळकट दिसायचं. पण चित्रकलेच्या मास्तराला रंग दिसत नाही, हे कबूल कोण करणार? मी ऐटीत म्हणालो, "हा गंज." त्यानं डबीवर 'गंज' लिहिलं. त्या डबीतून पुढं दीड वर्ष आम्ही अकरा वाघिणी मळवल्या.

ऑपरेशननंतरच्या पहिल्याच रविवारी गेलो आणि वाघिणी मांडलेल्या फळीकडे बघतो तर काय... अकराच्या अकरा शेवाळासारख्या हिरव्या! ज्याला रंग दिसत नाही त्यानं माझ्या डोळ्यांवर भरवसा टाकला, आणि मी मेल्यानं हे करून ठेवलं होतं. "कशा दिसत्यात?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "झकास." तो चहा आणायला आत गेला तेव्हा त्या डबीत खरा गंज भरून ठेवला. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणत दीड वर्ष घालवलं. आता कोणाला सांगू?

महिना झाल्यावर वहिनींना भेटायला गेलो. त्या फळीवरची धूळ पुसत होत्या. मला राहवलं नाही, सगळं बोलून टाकलं आणि पोरासारखा रडलो.

"त्यास्नी ठावं व्हतं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"लय आदीपासून. तुमचं आपरेशन व्हयाच्या आदी दिवाळीला लेक आलती. बाबा, हे सगळं हिरवं केलंय तुमी, म्हनली. पोट धरून हसले."

"आणि तरी तीच डबी वापरत होता?"

"व्हय. मी म्हनलं, मास्तरांना सांगा की. तर म्हनले, न्हाई. त्याला दिसत न्हाई ह्ये त्याला कळलं, तर यायचा बंद हुईल."