मिलिंदच्या गाण्याला तीन गुण

आज रविवार. सुट्टी असल्याने दिवसभर नाशिक रोडच्या घरीच होते. माझा धाकटा भाऊ मिलिंद जाऊन आज बारा दिवस झाले.

रॉक ऐकणाऱ्या त्याच्या मित्रांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दर रविवारी प्रत्येकाने आवडतं गाणं टाकायचं आणि बाकीच्यांनी दहापैकी गुण द्यायचे. ज्याला सगळ्यात कमी मिळतील, त्याने सर्वांना मिसळ खाऊ घालायची.

सकाळी मी त्याच्या मोबाइलवरून एक गाणं टाकलं. लिहिलं, "मी मिलिंदची ताई. आजारपणात तो हेच ऐकायचा." संथ गाणं आहे, एक गिटार आणि एक आवाज. वाटलं, आज तरी सगळे नुसतं ऐकतील.

पाच मिनिटांत पहिले गुण आले. तीन.

"ताई, राग मानू नका, पण हे रॉक नाही, अंगाई आहे."

"मिल्या तर मेटलचा वाघ होता राव! घरी हे ऐकायचा?"

"चला, या रविवारची मिसळ मिल्याकडून!"

त्याखाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. हसणाऱ्यांपैकी चौघे जलदान विधीला आमच्या दारात रडले होते.

मला किळस आली. हे गाणं त्याने ग्रुपवर कधीच का टाकलं नव्हतं, ते तेव्हा कळलं. त्याने जपलेलं मीच नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं.

आवडी वेगळ्या असतात, मान्य. पण गेलेल्या माणसाच्या गाण्यालाही गुण द्यावेच लागतात का? तुम्ही सांगा.

मी ग्रुप सोडला. घरात कोणी नव्हतं. दोरीवरचे कपडे काढले आणि घड्या घालत बसले.